आधी ताट, मग तक्ता

प्रस्तावना

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातल्या निमोण्यापासून खाली दौंडच्या हद्दीपर्यंतचा मुलूख पावसाच्या हिशेबात कायम तुटीचा. घोड आणि भीमा या मुलखातून वाहतात, चिंचणीचे घोड धरण याच शिरूर तालुक्यात आहे. कालव्याचे पाणी जिथे पोचले तिथे ऊस आणि कांदा आला, न्हावऱ्याला साखर कारखाना झाला. पाणी पोचले नाही तिथे बाजरी, मटकी, हुलगा टिकून राहिला. पाण्याबरोबर घरात पैसा आला, भिंती पक्क्या झाल्या, दारात मोटारसायकल उभी राहिली. आणि त्याच काळात लहान मुलांच्या सकाळच्या ताटातून भाकरी हलली. तिच्या जागी चहा आणि पाच रुपयांचा बिस्किटांचा पुडा आला. चांगल्या पाण्याच्या गावात आणि कोरड्या वाडीवर, दोन्हीकडे हेच दिसते. त्यामुळे हा प्रश्न नुसत्या गरिबीचा म्हणून सोडवता येत नाही आणि नुसत्या अज्ञानाचा म्हणूनही नाही.

तीन ते आठ वर्षांच्या मुलांना अन्नाची ओळख कशी करून द्यावी, हा या पुस्तकाचा विषय. वाचक म्हणून डोळ्यांसमोर आहेत त्या अंगणवाडीच्या सेविका आणि मदतनीस, पहिली-दुसरीचे शिक्षक, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाया, आणि आई शेतात किंवा रांजणगावच्या कंपनीत गेल्यावर दिवसभर नातवंडे सांभाळणाऱ्या आज्या. यांतल्या बहुतेकींना आहारशास्त्र शिकवायची गरज आहे, असे मला वाटत नाही. त्यांच्या हाताशी जे आहे त्याचा आधार त्यांना मिळावा आणि वरून येणाऱ्या सूचनांमधले काय खरोखर उपयोगाचे आहे ते कळावे, एवढा हेतू आहे. त्यासाठी हा विषय कुठून आला ते आधी पाहू.

महाराष्ट्रात लहान मुलांच्या शिक्षणात जेवणाचा विचार शिरला तो बालशिक्षणाच्या वाटेने. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला, तेव्हा त्यांच्यासमोर माँटेसोरीबाईंची पद्धत होती. मुलाने स्वतःच्या हाताने पाणी ओतावे, धान्य निवडावे, ताट मांडावे, पुसावे. ही कामे शिक्षणाच्या आधीची तयारी नाहीत, तीच शिक्षण आहेत, हा विचार मराठी बालवाडीत तिथून रुजला. १९४५ मध्ये ताराबाई आणि अनुताई वाघ बोर्डीला गेल्या आणि पुढे १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर. शहरातल्या मध्यमवर्गीय बालमंदिरासाठी घडलेली पद्धत आदिवासी पाड्यावर न्यायची, तर मूल आधी अंघोळ करून, नखे कापून, काहीतरी पोटात घालून बसले पाहिजे, हे त्यांना तिथे रोज दिसत होते. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी, हा विचार याच कामातून पुढे आला. आज गावोगावच्या पाट्यांवर दिसणारे ‘अंगणवाडी’ हे नाव त्या कामाचे देणे आहे.

दुसरी वाट वर्ध्याची. ऑक्टोबर १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर सेवाग्रामात आशादेवी आणि आर्यनायकम यांनी हातच्या कामातून शिकवणारी नई तालीम उभी केली. तिथे स्वयंपाकघर हा शाळेचा एक वर्गच होता. आठवड्याचा शिधा किती लागेल, त्याचा खर्च किती, त्यात भाजी किती बसेल, हा हिशेब मुले मांडत आणि मग तेच अन्न रांधून वाढत. गणित, आरोग्य, शेती आणि सगळ्यांनी एका पंगतीत बसण्याचा धडा, हे सारे त्यात आले. पुढे नई तालीम सरकारी शाळांत पसरली तेव्हा सूतकताईची टकळी राहिली आणि स्वयंपाकघर मात्र मागे पडले. हा तोटा मोठा होता, असे माझे मत आहे.

तिसरी वाट शासनाची, आणि तिचा पसारा सगळ्यांत मोठा. मद्रास महापालिकेने १९२५ मध्ये शाळेतल्या गरीब मुलांना जेवण द्यायला सुरुवात केली. कामराजांनी १९५६ मध्ये आणि एम. जी. रामचंद्रन यांनी १९८२ मध्ये ती योजना तमिळनाडूभर नेली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बाल विकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी प्राथमिक शाळेतल्या आहाराची राष्ट्रीय योजना सुरू झाली. आपल्याकडे सुरुवातीची काही वर्षे मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी नेण्यासाठी मिळत. नोव्हेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्नच द्यावे असा आदेश दिला आणि मग शाळेच्या आवारात चुली पेटल्या. २०१३ मध्ये कायद्याने ठरलेल्या निकषाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने, तर अंगणवाडीतल्या तीन ते सहा वयाच्या बालकाला ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. २०१८ मध्ये पोषण अभियान आले, सप्टेंबर हा पोषण महिना ठरला, २०२३ मध्ये अंगणवाडीत पोषणाबरोबर शिक्षणावर भर देणारा कार्यक्रम आला. सेविकेच्या हातात वजनकाट्याबरोबर मोबाइल आला. तीव्र आणि मध्यम कुपोषित (सॅम-मॅम) मुलांची नोंद, घरपोच आहाराची नोंद, गृहभेटीची नोंद यांत तिचा दिवस सरतो. मुलांबरोबर बसून खायला आणि खाता खाता बोलायला वेळ उरत नाही. पोषण शिकवण्याची सगळ्यांत मोठी संधी असलेली ती अर्ध्या तासाची पंगत त्यामुळे उरकण्याची गोष्ट झाली आहे.

या तीन वाटांच्या बाजूने विज्ञान चालत होते आणि त्यातल्या एका महत्त्वाच्या वादाशी आपल्या भागातल्या एका माणसाचे नाव जोडलेले आहे. १९५० आणि ६० च्या दशकांत जगभरचे तज्ज्ञ सांगत होते की गरीब देशांतल्या मुलांच्या आहारात प्रथिनांची मोठी तूट आहे. त्यावर पावडरी, विशेष पिठे, प्रथिनयुक्त बिस्किटे असे उपाय निघाले. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले आणि जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख झालेले डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी आहाराची आकडेवारी वेगळ्या तऱ्हेने मांडली. ज्या मुलांना प्रथिने कमी पडतात त्यांतल्या बहुतेकांना मुळात अन्नच कमी पडते. भाकरी-डाळीचे रोजचे जेवण पोटभर मिळाले तर प्रथिनांची गरज बरीचशी त्यातूनच भागते, असे त्यांचे म्हणणे होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतले डॉ. सी. गोपालन यांच्या कामाचा रोखही तोच होता. १९७४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मॅक्लारेन यांनी प्रथिनांच्या त्या साऱ्या मोहिमेवर कडक टीका केली आणि वाद बराचसा निवळला. तरी आजही ‘प्रोटीन’ लिहिलेला डबा दिसला की आई-वडिलांचा हात खिशाकडे जातो. लहान मुलाचे पोट लहान असते. दोन वेळच्या जेवणात त्याला लागते तेवढे मावत नाही. दिवसातून पाच-सहा वेळा, थोडे थोडे, आणि त्यात शेंगदाणा, तेल, तूप असे काही, ही सुखात्म्यांच्या वादातून निघणारी व्यवहाराची गोष्ट आपण अजून नीट सांगितलेली नाही.

त्यानंतरचा धडा पुण्याच्या खेड्यांनी दिला. शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला डॉ. बानू कोयाजींनी १९७० च्या दशकात ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले, गावच्याच मुलींना त्यासाठी तयार केले. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा सुरू केला. तिथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पण ही किरकोळ बाळे सगळीकडून सारखी किरकोळ नव्हती. स्नायू कमी होते आणि त्वचेखालची चरबी मात्र फारशी कमी नव्हती. वजनाने हलके आणि आतून मेदाळ असे हे बाळ पुढे मधुमेहाकडे लवकर झुकते. ज्या आया गरोदरपणी हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध वारंवार खात होत्या त्यांची बाळे अधिक भरली, हेही त्याच अभ्यासात २००१ मध्ये पुढे आले. म्हणजे पोटभर अन्न हवेच, आणि त्या ताटात पालाही हवा. मुलाचे वजन वाढावे म्हणून त्याला गोड आणि तळलेले चारत राहण्याचा मार्ग या भागातल्या मुलांसाठी धोक्याचा आहे, हे याज्ञिकांच्या कामानंतर कोणी नाकारू नये.

आता शिकवण्याच्या पद्धतींकडे वळू, कारण पुस्तकाचा मुख्य भर तिथे आहे.

आपल्याकडे रुळलेली पद्धत तक्त्याची. ऊर्जा देणारे, शरीर बांधणारे, संरक्षण करणारे असे अन्नगट. गाजराचे चित्र, त्याखाली जीवनसत्त्व अ. सात-आठ वर्षांच्या मुलाला हे पाठ होते, तीन-चार वर्षांच्या मुलाला त्यातून काहीच मिळत नाही. ‘लोह’ दिसत नाही, चाखता येत नाही. पाठ झालेल्या मुलालाही समोर आलेली मेथी नकोच असते. तक्ता वाईट नाही, तो शिकवणाऱ्यासाठी आहे. मुलाच्या वाट्याला तो शेवटी यावा.

दुसरी पद्धत जिभेची. फ्रान्समध्ये झाक प्युझे यांनी १९७० च्या दशकात शाळांत चवीचे वर्ग सुरू केले: आंबट, कडू, तुरट ओळखायचे, वास घ्यायचा, बोलायचे, आणि खाल्लेच पाहिजे अशी सक्ती करायची नाही. अमेरिकेत लीआन बर्च यांच्या प्रयोगांनी दाखवले की नवी चव मुलाला आवडायला आठ-दहा किंवा त्याहून जास्त वेळा ती चाखावी लागते. घरोघरी दोन-तीनदा नाकारलेल्या भाजीवर ‘याला आवडत नाही’ असा शिक्का बसतो आणि ती त्याच्यापुरती बंद होते. आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी १९८० च्या दशकात सांगितलेला नियम मला अतिशय मोलाचा वाटतो: काय, केव्हा आणि कुठे वाढायचे ते मोठ्यांनी ठरवावे, खायचे की नाही आणि किती, ते मुलाने. आपल्याकडे नेमके उलटे चालते. काय खायचे ते मूल दुकानासमोर रडून ठरवते आणि किती खायचे ते आई मागे धावत घास भरवून ठरवते.

सॅटर यांच्या नियमाला जुना आधारही आहे. क्लारा डेव्हिस या अमेरिकन डॉक्टरीणबाईंनी १९२० च्या दशकात नुकतेच दूध सुटलेल्या मुलांपुढे तीसेक साधे पदार्थ मांडून त्यांना हवे ते खाऊ दिले. मुले रोज वेगवेगळे, विचित्र वाटेल असे खात, पण चांगली वाढली. याचा अर्थ लोकांनी असा काढला की मुलाला आपोआप कळते. डेव्हिसबाईंनी स्वतः सांगितले की प्रयोगाची मेख यादीत होती: तिच्यात साखर नव्हती, मैदा नव्हता. मुलाची निवड चांगली ठरते ती समोरचे सगळेच चांगले असेल तेव्हा.

तिसरी पद्धत हातांची, आणि या पुस्तकाचा कल सरळ तिच्याकडे आहे. जपानमध्ये मुले शाळेत एकमेकांना वाढतात. २००५ मध्ये तिथे अन्नशिक्षणाचा कायदाच झाला. पण आपल्याला त्यासाठी जपानला जायला नको. याच तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला. अन्नतंत्रज्ञानात अमेरिकेत डॉक्टरेट घेतलेला, मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागातला हा माणूस खेड्यात आला आणि मुलांनी काम करत करत शिकावे यासाठी त्याने उरलेले आयुष्य दिले. शाळांसाठी त्यांनी आखलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात शेती, ऊर्जा आणि अभियांत्रिकीच्या बरोबरीने घर व आरोग्य हा विभाग आहे. तो मोठ्या मुलांसाठी आहे. पण तत्त्व चार वर्षांच्या मुलालाही लागू पडते, फक्त काम त्याच्या मापाचे हवे.

मापाचे काम म्हणजे काय, ते मटकीवरून सांगते. पहिल्या दिवशी मुलांपुढे परातीत मटकी ओतायची. खडे वेचायला द्यायचे. हे काम चार वर्षांची मुले पंधरा मिनिटे तरी न कंटाळता करतात, बोटे नीट चालू लागतात. मग मटकी पाण्यात. दुसऱ्या दिवशी ती फुगलेली दिसते; हातात घेतली की फरक कळतो, कोरडे चार दाणे शेजारी ठेवले की आणखी कळतो. फडक्यात बांधून ठेवायची, अधूनमधून पाण्याचा हबका मारायचा. तिसऱ्या दिवशी गाठ सोडताना सगळी डोकी एकत्र येतात, कारण पांढरे मोड कोणाच्या दाण्याला किती आले ते बघायचे असते. त्यातली मूठभर उकडून, वर लिंबू पिळून, मीठ लावून दिली की ती उरत नाही. मोड आल्यावर कडधान्यातले लोह अंगी लागायला सोपे जाते, लिंबाने आणखी सोपे जाते. हे सेविकेला माहीत असावे. मुलाला एवढे पुरे की ही मटकी आपण केली आणि ती चविष्ट लागते.

चौथा विचार अलीकडचा: मुलाला शिकवून काय होणार, त्याच्या भोवतालचे दुकान बदला. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांतून चिप्स, थंड पेये यांसारखे पदार्थ हद्दपार करण्याचा आदेश काढला. देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्ये शाळेपासून ५० मीटरच्या आत अशा पदार्थांच्या विक्रीला मनाई केली. खेड्यात शाळेच्या फाटकापासून ५० मीटरवर काय असते हे सगळ्यांना ठाऊक आहे. दुकानदार गावचाच, ओळखीचा. पुड्यांच्या माळा लहान मुलाच्या नजरेच्या उंचीवर टांगलेल्या. अंगणवाडीला येणाऱ्या मुलाच्या मुठीत आजीने दिलेले नाणे असते आणि दहा वाजता ते मूल पोट भरून पंगतीला बसते, मग उसळ तशीच राहते. या चौथ्या विचारात तथ्य आहे. ग्रामसभेत हा विषय निघाला पाहिजे आणि तो काढण्याची जबाबदारी एकट्या सेविकेवर टाकता कामा नये.

हे सगळे आजच का? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३५.२ टक्के वयाच्या मानाने खुजी आणि २५.६ टक्के उंचीच्या मानाने रोड आढळली. रक्तक्षय ६८.९ टक्के मुलांत होता. आधीच्या पाहणीत तो ५३.८ होता. देशात सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुले १०० मध्ये साधारण ११. लोहाच्या गोळ्या आणि सिरप हवेतच. पण ज्या मुलखात १०० ग्रॅम धान्यात सुमारे ६ मिलिग्रॅम लोह देणारी बाजरी पिकते आणि १०० ग्रॅममध्ये २१-२२ ग्रॅम प्रथिने देणारा हुलगा पिकतो, तिथल्या मुलांना सकाळी चहा मिळावा, याचे दुःख होते. चहा लोह अंगी लागू देत नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या साथीने आलेल्या ‘धनशक्ती’ या लोहाने समृद्ध बाजरीची भाकरी महाराष्ट्रातल्या १२ ते १६ वर्षांच्या मुलांना काही महिने देऊन पाहिली, तेव्हा त्यांच्या शरीरातला लोहाचा साठा सुधारला. म्हणजे भाकरीवर भरवसा ठेवायला आता प्रयोगाचाही आधार आहे. हुलग्याचे माडगे, शेंगोळी, घोळीची आणि तांदुळज्याची भाजी, शेवग्याचा पाला हे सारे अजून आज्यांच्या हातात आहे. मुलांच्या आयांपैकी कितीतरी जणींना त्यातले निम्मे करता येत नाही. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ते गेले तर कुठल्याही योजनेला परत आणता येणार नाही.

आणि एक गोष्ट इथे लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. दिवाळीच्या आसपास कारखान्यांची धुराडी पेटली की या भागात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. फडाजवळच्या झोपड्यांत, म्हणजे कोप्यांवर, राहणाऱ्या मुलांच्या आया पहाटेच फडात जातात, मागे सहा-सात वर्षांची ताई धाकट्याला सांभाळते. मूळ गावच्या अंगणवाडीत या मुलांची नावे असतात, इथे नसतात. नियमाने त्यांना इथेही आहार मिळायला हवा. पुस्तकातले पाठ या मुलांसह करता येतील असे बेतले आहेत: साहित्य कमी, वाचनाची गरज नाही, आठ दिवस आले आणि गेले तरी मुलाच्या हाती काहीतरी लागेल. ज्या वर्गात कोपीवरचे मूल पंगतीला बसत नाही तिथे पोषणाचा पाठ घेऊ नये, इतके मी स्पष्ट म्हणेन.

हे पुस्तक ऋतूंच्या क्रमाने जाते, कारण ताटही तसेच बदलते. पावसाळ्यात उगवणाऱ्या रानभाज्या, थंडीतला हुरडा आणि हरभरा, उन्हाळ्यातले ताक आणि वाळवणे. अंड्याबद्दल लिहिताना घाबरलेले नाही. राज्य शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या आहारात आठवड्यातून एकदा अंडे आणि न खाणाऱ्यांना केळे देण्याचे ठरवले तेव्हा बराच वाद झाला. वाढत्या मुलासाठी अंड्यासारखे स्वस्त आणि पूर्ण अन्न दुसरे फारसे नाही, आणि जी घरे खातात त्यांच्या मुलांना ते मिळावे, अशी माझी भूमिका आहे. साखरेबद्दलही सरळ लिहिले आहे. ऊस हे या मुलखाचे पोट आहे, म्हणून शेतकऱ्याला दोष देणारे एक अक्षर पुस्तकात नाही. पण दोन वर्षांच्या आतल्या बाळाला वरून घातलेली साखर नको, हे सांगण्यात संकोच केलेला नाही.

पाककृती आहेत, पण त्या शाळेच्या चुलीवर पन्नास मुलांसाठी आणि घरी चौघांसाठी अशा दोन्ही मापांत. वाटी म्हणजे १५० मिलिलिटरची धरावी. मुलांना चाखायला द्यायच्या वेळी ताटात चमचाभरच वाढावे, नको म्हटले तर उचलून ठेवावे आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा वाढावे. कोणत्याही पाठात खाण्याचे बक्षीस किंवा शिक्षा नाही. ‘भाजी संपव, मग चॉकलेट’ हे वाक्य मुलाला भाजीच वाईट आहे असे शिकवते. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नयेत, ते श्वासनलिकेत अडकतात. कूट करून द्यावेत. एक वर्षाच्या आत मध देऊ नये.

आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर साडेअकरा सेंटीमीटरपेक्षा कमी भरला, किंवा दोन्ही पायांवर सूज दिसली, तर पुस्तक बाजूला ठेवावे. त्या मुलाला त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे, तिथून ग्राम बाल विकास केंद्र किंवा पोषण पुनर्वसन केंद्राची वाट डॉक्टर सांगतील. त्याचे वजन धरू लागले, भूक परतली, म्हणजे मटकीच्या परातीपाशी त्याची जागा करावी.